जुन्या जर्मन पक्कडीला हातोडी, चोच आणि दोन खाचा आहेत. हे हत्यार नेमकं कशाचं?

कुंपणाची पक्कड आहे ती. तारेचं कुंपण घालायला आणि त्याहून जास्त, दुरुस्त करायला.

तुम्ही लिहिलंय की जर्मनीतल्या जुन्या बाजारात मिळाली, वर 'डी.आर.जी.एम.' कोरलंय, आणि मित्र म्हणतो की असली 'सब कुछ' हत्यारं एकही काम धड करत नाहीत. पहिल्या दोन गोष्टींसाठी मी लिहायला बसलो नसतो. तिसरीसाठी बसलोय, कारण हेच वाक्य मला आमच्या दाजींनी ऐकवलंय, तेही चारचौघांत.

मी जर्मनीतल्या रेमशाइडजवळ राहतो. हा सगळा डोंगराळ मुलूख हत्यारं घडवणाऱ्यांचा. ओढ्यांच्या पाण्यावर घण चालायचे, त्यातून कारखाने उभे राहिले. पकडी बनवणारे क्निपेक्सवाले १८८२ पासून शेजारच्या क्रोनेनबेर्गमध्येच आहेत. पण इथे गाईही आहेत, उतारावरची कुरणं आहेत आणि पाऊस तर विचारूच नका. दाजी पुण्याहून आले होते तेव्हा वादळात शेजारच्या म्हाताऱ्याचं कुंपण पडलं. मदतीला आम्ही दोघं गेलो. म्हाताऱ्याने माझ्या हातात असलीच जुनी पक्कड दिली. दाजी आयुष्यभर टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारं-साचे बनवायच्या विभागात काम केलेले. ते बघून हसले. "पोरखेळ आहे हा. हातोडी ती हातोडी, पक्कड ती पक्कड." आणि पिशवीत तीन वेगवेगळी हत्यारं घेऊन निघाले.

टूलरूममध्ये त्यांचं बरोबरच आहे. तिथे टेबल असतं, हत्यार ठेवायला जागा असते. कुरणात एका हाताने ताणलेली काटेरी तार धरलेली असते. ती सोडली तर अंगावर येते. मग उरतो एकच हात, आणि त्या हातातलं हत्यार खाली ठेवलं की चिखलात गेलं. दाजींची हातोडी उतारावरून गडगडत गवतात गेली ती शोधायला म्हाताऱ्याचा कुत्रा लावायची पाळी आली. तोवर मी चोच जुन्या यू-खिळ्याच्या कमानीत घालायचो, दाजी दगडाने मागून ठोकायचे, पक्कड एका अंगावर वळवली की खिळा बाहेर. खाचेत तार घालून दांडे मिटले की तार तुटते. जबड्यात तार पकडून डोकं खांबाला टेकवलं आणि दांडे ओढले की तार ताणली जाते. तीच पक्कड उलटी करून नवा खिळा ठोकायचा. तिसऱ्या-चौथ्या खांबापासून दाजींनी न बोलता ती माझ्या हातातून घेतली, आणि रात्री जेवताना म्हणाले, "ताणायला ठीक आहे." एवढंच! तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही.

'डी.आर.जी.एम.'बद्दल थोडक्यात. ते कंपनीचं नाव नाही आणि पेटंटही नाही, विकणारे काहीही सांगोत. ती लहानसहान सुधारणांसाठीची नोंदणी. कायदा १८९१ चा. नवेपणाची तपासणी न करताच नोंद व्हायची, संरक्षण आधी ३ वर्षं, पुढे आणखी ३. त्यामुळे तुमची पक्कड १८९१ नंतरची आणि बहुतेक दुसरं महायुद्ध संपण्याआधीची. युद्धानंतरच्या मालावर त्याच नोंदणीचं नवं रूप, 'डी.बी.जी.एम.', दिसतं. शेजारी 'मेड इन जर्मनी' असं इंग्रजीत असेल तर ती निर्यातीची असू शकते. ब्रिटिशांनी १८८७ च्या कायद्याने परक्या मालावर देशाचं नाव लावायला भाग पाडलं, तिथून तो शिक्का आला. कारखाना ओळखायचा तर रिव्हेटच्या आसपास छोटं चित्र किंवा अक्षरं शोधा. मात्र नाव सापडलं तरी ते विकणाऱ्या दुकानदाराचंही असू शकतं.

म्हणूनच ग्राइंडर लावू नका. आमच्या दाजींना गंजलेलं काही दिसलं की चाक फिरवायची सवय आहे, आणि चकाकी येते तशी अक्षरंही जातात. पातळ तेलात भिजवा, पितळी ब्रशने घासा, बास. आणि वापरा! कपाटात ठेवायला घडवलेली नाही ती.

वापरणार असाल तर हल्लीची कडक पोलादी तार तिच्याने कापू नका, खाचांची धार उडेल. ती मऊ तारेसाठी आहे. ताणलेली तार कापताना चष्मा लावा आणि बाजूला उभे राहा.

हां, एक राहिलं. खाचा नीट बघा. त्या धारदार नसतील, जबडा बाकदार असेल आणि हातोडी जबड्याच्या खाली लटकल्यासारखी असेल, तर ती चामडं साच्यावर ओढून बसवायची जोडेवाल्यांची पक्कड. मग माझं कुंपण-पुराण सोडून द्या. पण मित्राला सांगा, तीही दोन कामं करते आणि दोन्ही धड करते.