रॅम्सबॉटम आडनावाचा शोध: सुरुवात कुठून करायची?

रॅम्सबॉटम या इंग्रजी आडनावाचा शोध कुठून सुरू करायचा, असं विचारलंत; छान आडनाव निवडलंत! आपल्या ‘कर’वाल्या आडनावांसारखंच हे गावावरून पडलेलं. इंग्लंडच्या जुन्या लँकेशायर परगण्यात (1974पासून ग्रेटर मँचेस्टरमध्ये), बरी (Bury) शहराच्या उत्तरेला, अर्वेल (Irwell) नदीच्या खोऱ्यात रॅम्सबॉटम गाव आहे. ‘बॉटम’ म्हणजे दरीचा तळ. ‘रॅम्स’ म्हणजे मेंढा की रानलसूण, यात सध्या अडकू नका.

आधी ब्रिटनची 1881ची जनगणना बघा. या आडनावाचे लोक लँकेशायरभोवतीच दाटलेले दिसतील. मग एकेक पिढी मागे जा: 1837पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदी, त्याआधी चर्चची दप्तरं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- एकच स्पेलिंग धरून बसणं. पाद्री कानावर पडेल तसं लिहायचे, ‘रॅम्सबॉथम’ही शोधाच.
- आडनावाचं म्हणून कुलचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) विकत घेणं. ते व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही.
- दुसऱ्याची वंशावळ मूळ नोंद न बघता उतरवणं.