रीफ टँकमध्ये वेगवेगळ्या जातींचे रॅस एकत्र ठेवता येतात का?

ठेवता येतात. (रीफ टँक म्हणजे कोरल असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, आणि रॅस हे त्यात ठेवतात ते रंगीत समुद्री मासे; फेअरी, फ्लॅशर, येलो कोरिस, लेपर्ड, सिक्स-लाइन हे त्यांचेच प्रकार.) ठाण्याला माझ्या चार फुटी टँकमध्ये सोलोरेन्सिस फेअरीचा नर आणि मादी, एक मॅककॉस्कर फ्लॅशर, एक येलो कोरिस आणि एक लेपर्ड अशी मंडळी वर्षानुवर्षं राहताहेत. तुमचा टँक साडेतीनशे लिटरचा आहे, त्यात वर्षभरापासून एक सिक्स-लाइन आहे, आणि आता फेअरीची जोडी, येलो कोरिस आणि लेपर्ड आणायचा विचार आहे. दुकानदाराने सांगितलंय की सगळे एकाच दिवशी टाका, गर्दी झाली की मार वाटला जातो आणि कुणीच मरत नाही. मी उत्तर लिहायला बसले ते या शेवटच्या वाक्यामुळे. हा सल्ला मी माझ्या मामाकडून बरीच वर्षं ऐकतेय आणि तो रॅसच्या बाबतीत साफ चुकीचा आहे.

आधी सिक्स-लाइन बाहेर काढा. तो राहणार असेल तर बाकीची यादी विसरा.

मामा नाशिकला असतो. मासे पाळण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, हे मी मनापासून म्हणते. माझ्या लहानपणापासून त्याच्याकडे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड या गोड्या पाण्यातल्या माशांचा सहा फुटी टँक होता, त्यात पिवळे, निळे, पट्ट्यांचे कितीतरी मासे. ते सगळे भांडकुदळ, पण मामाने मुद्दाम इतकी दाटी केली होती की कुणाला हद्द आखायला जागाच उरत नसे. एक दुसऱ्याच्या मागे लागायचा, मध्ये तिसरा यायचा आणि पाठलाग तिथेच संपायचा. त्या माशांच्या बाबतीत ही युक्ती खरी आहे, जगभर वापरतात, मामाने ती वर्षानुवर्षं यशस्वी करून दाखवली होती. पुढे त्याने तोच टँक खाऱ्या पाण्याचा केला. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री खडक), स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र), कशात कसूर ठेवली नाही. पण रॅसना मात्र सिक्लिडचा नियम लावला. सिक्स-लाइन आधीपासून होताच. एका संध्याकाळी पिशव्या आल्या: फेअरीची जोडी, फ्लॅशरचा एक नर, एक मेलानुरस, एक लेपर्ड आणि एक मून रॅस. सगळे एकदम पाण्यात. मी तेव्हा नाशिकलाच होते. मून रॅस तरी नको, तो फूटभर वाढतो आणि कोळंबी-खेकडे काही ठेवत नाही, असं मी म्हटलं. "अगं, मोठा असला की दरारा राहतो," असं उत्तर मिळालं.

लेपर्ड पाण्यात पडताच वाळूत शिरला. हे अगदी बरोबर वागणं होतं. लेपर्ड, तसेच येलो कोरिससारखे हॅलिकोरेस गटातले रॅस वाळूत झोपतात, भीती वाटली तरी वाळूतच जातात, आणि नव्या घरी आल्यावर कित्येक दिवस वरही येत नाहीत. त्यांच्या शरीरातलं घड्याळ ते जिथून आले तिथलंच चालत असतं, त्यामुळे आपल्या रात्री बाहेर डोकावून आपल्या दिवसा पुन्हा गडप होतात. अशा वेळी हात लावायचा नसतो. मामाने तो मेला असणार असं समजून काठीने वाळू उकरली. लेपर्ड जिवंत निघाला, धडपडत खडकावर आपटला आणि त्यानंतर त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. फ्लॅशरला सिक्स-लाइनने ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं पाणी जिथून बाहेर जातं त्या) कोपऱ्यात दाबून धरलं. फ्लॅशर चावा घेत नाही, उलट वार करत नाही, तो वर उडी मारतो. टँकवर काचेची झाकणं होती पण पाइपसाठी ठेवलेली फट उघडी होती, सकाळी तो फरशीवर सापडला. फेअरीची मादी कधी गेली कळलंच नाही. शेवटी टँकमध्ये सिक्स-लाइन आणि मून रॅस एवढेच उरले.

मला राग याचा आला नाही. राग आला तो पुढच्या दिवाळीत, सगळे फराळाला जमलेले असताना मामाने काढलेल्या निष्कर्षाचा. "रॅस एकत्र राहतच नाहीत, मी करून पाहिलंय." म्हणजे त्याने ज्या पद्धतीने करून पाहिलं तिच्यात काही गडबड असेल, हा विचारच नाही, दोष सगळा माशाच्या जातीचा. मी तेव्हाच म्हटलं की मी करून दाखवते.

गर्दी मलावीत का चालते आणि इथे का नाही, हे समजून घ्या म्हणजे दुकानदाराला उत्तर देता येईल. मलावीचे ते सिक्लिड सगळे एकाच स्वभावाचे, एकाच ताकदीचे, खडकाला धरून राहणारे. मार मिळाला तर मार देणारे. रॅसमध्ये तसं नाही. फेअरी आणि फ्लॅशर हे रीफच्या वर मोकळ्या पाण्यात थव्याने फिरून वाहत आलेलं प्लवक टिपणारे मासे. त्यांना राखायला हद्द नसते. सिक्स-लाइन मात्र खडकाच्या फटीफटीतून फिरणारा शिकारी, जेमतेम दहा सेंटिमीटरचा, पण वर्षभर एकटा राहिला की सगळा खडक त्याचा होतो. एक मारतो आणि बाकीचे सगळे पळतात, तिथे मार वाटला कसा जाणार? शिवाय खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा ऑक्सिजन कमी मावतो, आणि गर्दीला घालावं लागणारं अन्न कोरलना सोसत नाही.

म्हणून रॅस ठेवताना टँकच्या लांबीइतकाच क्रम महत्त्वाचा. सगळ्यात भित्रा सगळ्यात आधी. मी प्रथम लेपर्ड आणला, टँक चांगला मुरल्यावर आणि खडकांवर कोपेपॉड (लेपर्ड खातो ते बारीक जलजीव) नुसत्या डोळ्यांना दिसायला लागल्यावर. वाळू बारीक आणि निदान पाच सेंटिमीटर जाड हवी, खडीसारखी जाड वाळू या माशांचं अंग सोलते. तो बिनधास्त खायला लागल्यावर फ्लॅशर, मग तीन सोलोरेन्सिस फेअरी (एक नर, दोन माद्या), आणि येलो कोरिस सर्वांत शेवटी, कारण या कंपूत तोच जरा दांडगा. प्रत्येक नवा मासा आधी भोकं पाडलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या डब्यात, तो डबा टँकच्या आत टांगलेला. ॲक्रिलिकची कामं करणारा कुणीही तो बनवून देतो. जुने मासे काचेवर येतात, पर फुलवतात, धडका देतात. काही दिवसांनी कंटाळतात आणि जवळून जाऊनही बघत नाहीत, तेव्हा सोडायचं. त्याआधी नाही. एखादा जुना मासा ऐकतच नसेल तर बाहेरच्या काचेवर आरसा चिकटवा, तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी झुंजत बसतो आणि तेवढ्यात नवा मासा जम बसवतो.

एका जातीचा नर एकच. वेगवेगळ्या जातींचे फेअरी नर चालतात, पण दिसायला फार सारखे नकोत. आणि नर एकमेकांसमोर पर ताणून, रंग चमकवून झपकन निघून जातात त्याला भांडण समजू नका. ते प्रदर्शन आहे, आणि समोर कुणी प्रतिस्पर्धी नसेल तर एकट्या नराचे रंग कालांतराने फिके पडतात. खरं भांडण वेगळं दिसतं: एकच मासा सतत पळतोय, शेपटी कुरतडलेली आहे, अन्न पडलं तरी कोपऱ्यातून येत नाही. असं दिसलं की त्याच दिवशी वेगळं करायचं.

जोडी म्हणून विकतात ती नेहमी जोडी असतेच असं नाही. फेअरीच्या लहान माशांत आणि माद्यांत जाती ओळखणं फार अवघड. मालदीवमधला एक गुलाबी फेअरी रॅस अनेक वर्षं चागोस बेटांवरच्या दुसऱ्याच जातीचा मानला जायचा, कारण त्या जातीचं वर्णन एका पिल्लावरून केलेलं होतं. ती वेगळी जात आहे हे २०२२ मध्ये ठरलं, आणि अहमद नजीब हे माशाच्या जातीचं शास्त्रीय वर्णन करणारे पहिले मालदीवी संशोधक ठरले. तिचं नाव फिनिफेन्मा, म्हणजे मालदीवचं राष्ट्रीय फूल असलेला गुलाब. तिथे हे, तर दुकानातल्या पिशवीवरच्या लेबलवर किती विसंबायचं? त्यापेक्षा एक नर घ्या आणि त्याच खेपेतल्या, त्याच टाकीतल्या लहान माद्या घ्या.

आता मामाशी असलेल्या दुसऱ्या वादाकडे येते. माझा टँक बघायला तो आला, बराच वेळ समोर बसला आणि म्हणाला, "नशीबवान आहेस." ठीक. पुढे सोलोरेन्सिसचा नर म्हातारा होऊन गेला. दोन माद्यांपैकी मोठीचं वागणं लगेच बदलायला लागलं. ती धाकटीभोवती गोल फिरून पर फुलवायची, फ्लॅशरला आव्हान द्यायची. मग हळूहळू डोकं नारिंगी झालं, कल्ल्यामागे जांभळा पट्टा उमटला, आणि काही महिन्यांत तिचा पूर्ण नर झाला. मामाने पाहिलं आणि सरळ म्हणाला, "नवीन नर आणलास ना?" त्याने माझ्या नेहमीच्या दुकानात फोनसुद्धा केला. दुकानदाराने सांगितलं की मधल्या काळात सोलोरेन्सिस आलेलाच नाही. तरी मामाचं म्हणणं, "दुसरीकडून घेतला असशील."

रॅस मादीचा नर होतो हे काही मी शोधून काढलेलं नाही. सागरी जीवशास्त्रज्ञ डी. आर. रॉबर्टसन यांनी १९७२ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवरच्या क्लीनर रॅसबद्दल (दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा रॅस) लिहिलं: कळपातला नर काढला की सर्वांत वरची मादी काही तासांतच नरासारखी वागायला लागते. कॅरिबियनमधल्या ब्लूहेड रॅसमध्ये अंडाशयाचं वृषण व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याच माशावर १९९६ मध्ये दिसलं की अंडाशय काढून टाकलेली मादीही नर नसताना नराचं वागणं सुरू करते. म्हणजे बदल आधी वागण्यात येतो, शरीर मागून येतं. माझ्याकडे हाच क्रम दिसला. आणि पुरावा हवा असेल तर माझ्या मोठ्या मादीच्या डाव्या कल्ल्याच्या झाकणाची कड लहानपणापासून आत मुडपलेली होती. आताच्या नराच्या डाव्या कल्ल्याची कडही तशीच आहे. सगळे फोटो तारखांसकट आहेत, मामाला पाठवले आहेत, त्यावर उत्तर आलेलं नाही. हे असं एकत्र राहिलेल्या गटातच बघायला मिळतं, म्हणून मी "रॅस एकत्र राहत नाहीत" हे वाक्य खपवून घेत नाही.

तुमचा सिक्स-लाइन पकडायचा कसा? रात्री जाळं घालून जमणार नाही, तो खडकाच्या आत झोपतो. पारदर्शक बाटलीचं तोंड कापून उलटं बसवा, आत मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) ठेवा, आणि पहिले काही दिवस त्याला नुसतं खाऊन जाऊ द्या. मग पकडा. दुकानदाराने परत घेतला नाही तर एकच रॅस ठेवणाऱ्या कुणाला तरी द्या.

काही गोष्टी राहिल्या. शांत सिक्स-लाइनही असतात, विशेषतः सर्वांत शेवटी टाकलेले, पण तुमचा आधीपासून आहे. सहा-सात फुटी टँक असेल तर थोडी सूट मिळते. जाळीचं झाकण पाइपच्या फटीसकट पूर्ण हवं, फेअरी-फ्लॅशर दिवे अचानक बंद झाले तरी उडी मारतात, आणि आपल्याकडे वीज जातेच. दिवसातून निदान दोन-तीनदा थोडं थोडं खायला घाला. लाल अंगावर पांढरे ठिपके असलेलं कोरिस गेमार्डचं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका, ते चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढतं. क्लीनर रॅस तर मुळीच नको, टँकमध्ये बहुतेक उपाशी मरतात. माझ्याकडे फक्त सॉफ्ट कोरल आहेत. रीफ बांधणारे कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, कुणी विकायला आणले तरी त्या फंदात पडू नका.

आणि लेपर्ड घेताना दुकानात तो तुमच्या डोळ्यांदेखत खातोय का ते बघा. पोट आत गेलेला दिसला तर पैसे परत खिशात ठेवा आणि पुढच्या खेपेची वाट बघा.