आरोग्य-शंका : दहा दिवस थांबायचे ते कशासाठी?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या नातवाच्या पोटरीला गल्लीतल्या दोन महिन्यांच्या पिलाचा दात लागला. रक्त आले नाही, नुसता ओरखडा उठला; त्यावर आम्ही चुना आणि हळद लावली. शेजारी म्हणतात, पिलावर दहा दिवस नजर ठेवा, ते जगले तर रेबीजच्या लसीची गरज नाही. हे बरोबर आहे का? (एक आजी, सातारा जिल्हा)

उत्तर : अंक हाती पडेपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते, म्हणून आपल्याला दूरध्वनीवरून ‘आजच लस सुरू करा’ असे कळवलेच आहे; आता इतर वाचकांसाठी त्यामागची कारणे सविस्तर देतो.

दहा दिवसांची गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. ज्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेत चावतेवेळी रेबीजचा विषाणू असतो, ते सहसा दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरते. त्यामुळे ते धडधाकट राहिले तर सुरू केलेली लस पुढे थांबवायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवता येते. लस सुरूच न करण्यासाठी हे दहा दिवस नाहीत. शिवाय गल्लीतले पिलू चौथ्या दिवशी दिसेनासे झाले, तर नजर कोणावर ठेवणार? माकड, मुंगूस, कोल्हा यांना तर हा नियम लागूच होत नाही. पिलू लहान आहे म्हणून धोका कमी, हाही गैरसमजच. कुत्र्यांना रेबीजची पहिली लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात देतात, त्यामुळे आपल्या गल्लीतल्या पिलाला ती मिळालेली असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

चुना, हळद, तिखट, तंबाखू यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते आणि साबणाने ते फुटते, म्हणून वाहत्या नळाखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पाहा, हा वेळ वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. अंगाच्या वा कपड्याच्या, घरात असेल त्या साबणाने भागते. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे आणि जखम उघडी ठेवावी.

रक्त न आलेल्या ओरखड्याला लस पुरते. रक्त आले असेल, किंवा आधीच्या जखमेवर अथवा ओठ-डोळ्यांवर जनावराची लाळ लागली असेल, तर लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धची तयार प्रतिद्रव्ये) लागते आणि जखम असल्यास ते तिच्या आत व भोवती टोचतात. पोटातली चौदा इंजेक्शने कधीच इतिहासजमा झाली. त्वचेत द्यायची लस पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 या दिवशी दोन्ही दंडांवर देतात. स्नायूत द्यायची असेल तर 14 व्या दिवसाची एक मात्रा वाढते. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. जखम भरून आली की 28 व्या दिवसाचा विसर पडतो, म्हणून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावी.

विषाणू मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो आणि त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात, म्हणून उशीर झाला असला तरी लस घ्यावीच. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र मृत्यू जवळजवळ अटळ असतो. आपल्या पत्रात ‘एक इंजेक्शन कालच दिले’ असाही उल्लेख होता. ते धनुर्वाताचे निघाले. रेबीजशी त्याचा संबंध नाही.