जिनिव्हाच्या आधी पणजी

प्रश्न : शेजाऱ्यांच्या मुलाला चौकशीसाठी म्हणून नेऊन पोलिसांनी दोन रात्री स्थानकात ठेवलं, मारलं आणि कसलीही नोंद न करता सोडून दिलं. याला दीड महिना झाला. आम्हाला थेट संयुक्त राष्ट्रांकडे किंवा हेगच्या न्यायालयात जाता येईल का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : हेगचा विचार सोडा. तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त राष्ट्रांचे दावे चालतात. दादरा-नगर हवेलीला जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगालने 1955 मध्ये भारताला खेचलं होतं ते तिथेच.

नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला. त्याचं कलम 7 छळाला मनाई करतं आणि कलम 9 अटक झालेल्याला तातडीने न्यायाधीशापुढे उभं करायला सांगतं. मात्र त्या कराराच्या जिनिव्हातल्या समितीकडे एकट्या माणसाची तक्रार जायची, तर देशाने वेगळा पूरक करार मान्य करावा लागतो. तो भारताने मान्य केलेला नाही. छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही झाली, पण त्याला अजून मंजुरी नाही. हे दार इतकी वर्षं बंद राहावं, याचं आम्हाला मनापासून दुःख वाटतं.

एक खिडकी मात्र उघडी आहे. छळाच्या विषयावर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या विशेष प्रतिवेदकाकडे (स्पेशल रॅपोर्टर, म्हणजे स्वतंत्र तज्ज्ञाकडे) पीडित व्यक्तीच्या संमतीने इंग्रजीत माहिती पाठवता येते. त्यासाठी आधी इथले उपाय संपवावे लागत नाहीत. प्रतिवेदकाने पत्र लिहिलं, तर सरकारकडे साधारण 60 दिवसांत उत्तर मागितलं जातं आणि नंतर ते पत्र जाहीर होतं. कोणाला शिक्षा किंवा दंड करण्याचा अधिकार त्याला नाही.

म्हणून खरं काम पणजीतल्या गोवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे करा. मुदत घटनेपासून एक वर्षाची आहे. फी नाही, वकील लागत नाही. अर्ज मराठीत करा. त्यात तारीख, वेळ, स्थानकाचं नाव, माहीत असतील तर पोलिसांची नावं किंवा वर्णन आणि साक्षीदार लिहा. 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर नेलं नाही, हे संविधानाच्या कलम 22 चा उल्लेख करून स्पष्ट सांगा. इस्पितळात तपासणी झाली असेल तर केसपेपरची प्रत जोडा. ती झालीच नसेल तर आता तरी करून घ्या. वळ गेले असले तरी मुका मार आणि फ्रॅक्चर यांच्या खुणा सापडू शकतात.

सर्वांत महत्त्वाची मागणी सीसीटीव्हीची. पोलीस स्थानकांतलं चित्रीकरण 18 महिने आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपून ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं आहे. आयोग ते मागवू शकतो. त्या दोन रात्रींचं चित्रीकरण ताबडतोब मागवावं, असं अर्जात तारखांसह लिहा. उशीर झाला की हाच पुरावा पहिल्यांदा जातो.

अर्ज बाद होण्याची कारणं बहुधा साधी असतात. निनावी किंवा मोघम अर्ज, जमिनीचा किंवा नोकरीतल्या बढतीचा वाद, सरकारी नोकराचा संबंधच नसणं, प्रकरण आधीच न्यायालयात असणं. मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्राची नुसती प्रत आयोगाला पाठवू नका, अर्ज आयोगाच्याच नावाने हवा. दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडेही तोच अर्ज टाकू नका, कारण राज्य आयोगापुढे असलेल्या प्रकरणाची चौकशी त्याला करता येत नाही.

आयोग शेवटी शिफारस करतो, आदेश देत नाही. सरकारने ती मानली नाही, तर पर्वरीला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात संविधानाच्या कलम 226 खाली याचिका करता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर मोफत कायदा साहाय्यासाठी 15100 वर फोन करा. मुलगा अजूनही कोठडीत असता, तर आयोगाकडे न जाता थेट उच्च न्यायालयात जा, असंच आम्ही सांगितलं असतं.

प्रश्न : मी फोंड्याला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मानवी हक्क हा विषय शिकायला सुरुवात कुठून करू?

उत्तर : 10 डिसेंबर 1948 च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यापासून. कलमं 30 आहेत, मराठी अनुवादही उपलब्ध आहे. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ ऐवजी ‘सर्व माणसं’ असे शब्द यावेत म्हणून भारताच्या हंसा मेहता यांनी आग्रह धरला होता, तेवढं लक्षात ठेवून वाचा. मग 1993 चा मानवी हक्क संरक्षण कायदा घ्या. मानवी हक्क म्हणजे काय, हे त्याच्या कलम 2 मध्ये आहे, आणि त्या व्याख्येतच आंतरराष्ट्रीय करारांचं नाव येतं.

यानंतर एकच निकाल सावकाश वाचा, तो म्हणजे नीलाबती बेहेरा, 1993. ओडिशात पोलिसांनी नेलेल्या मुलाचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला आणि आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. बेकायदा अटकेची भरपाई मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही, असं भारताने नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारतानाच नोंदवून ठेवलं होतं. तरीही न्यायालयाने त्याच कराराच्या कलम 9(5) चा आधार घेतला, आईचं पत्र याचिका म्हणून चालवलं आणि राज्य सरकारला तिला दीड लाख रुपये द्यायला लावले.