फोटोतून दोन होलमधलं अंतर आपोआप मोजता येतं का?

तुमच्याकडे पंच केलेल्या प्लेटांचे दोनशे फोटो आहेत आणि प्रत्येकावर माउसने रेघ ओढून होलांचं सेंटर टू सेंटर काढताय, हे आपोआप होईल का असं विचारलंय. होतं की. मी पुण्याजवळ भोसरीत शीट मेटलच्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे, हेच करतो. फक्त कोडपेक्षा फोटोवर जास्त डोकं लावा.

आमचा पहिला दिवस सांगतो. व्हर्नियरने पिच (म्हणजे हेच सेंटर टू सेंटर) ४०.० मिमी, फोटो मोजणारी आमची स्क्रिप्ट म्हणे ४०.४. दोन तास कोड उपसला, त्यात काहीच नव्हतं! स्टीलची पट्टी टेबलावर ठेवून कॅलिब्रेट केलं होतं, मोबाइल टेबलापासून ३०० मिमीवर, आणि प्लेट ३ मिमी जाड, म्हणजे तिची वरची बाजू कॅमेऱ्याच्या तेवढी जवळ, झाला एक टक्का फरक, चाळीसवर ०.४. आता पट्टी वापरतच नाही. एक प्लेट व्हर्नियरने नीट मोजून ठेवलीय (दोन्ही होलांच्या बाहेरच्या कडा पकडायच्या आणि एका होलचा डाया (व्यास) वजा करायचा, होल सारखे असतील तर), तीच मास्टर, तिच्यावरून एका मिमीला किती पिक्सेल ते काढायचं. जाडी तीच, त्यामुळे घोळ नाही.

लाइट खालून द्या. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकल बाजारातून साधं एलईडी पॅनल आणा, वर ट्रेसिंग पेपर, त्यावर प्लेट. होल पांढरेशुभ्र, बाकी काळं, वरून लाइट मारला की पत्र्याची चमक आणि बर (पंच केल्यावर कडेला राहिलेली खरखरीत धार) दोन्ही कडा खराब करतात. मोबाइल स्टँडला, वाइड लेन्स अजिबात नको.

मग कोड न लिहिताही जमतं: फिजी हे फोटोवर मापं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सेट स्केल (एका मिमीला किती पिक्सेल), थ्रेशोल्ड (फोटो निव्वळ काळा-पांढरा), मग अ‍ॅनालाइझ पार्टिकल्स (पांढरे ठिपके मोजणं), प्रत्येक होलच्या सेंटरचे एक्स-वाय मिळतात, अंतर एक्सेलमध्ये पायथागोरसने. दोनशे फोटोंना मॅक्रो लावा, म्हणजे याच स्टेप्स प्रत्येक फोटोवर आपोआप होतील. पायथन येत असेल तर ओपनसीव्ही या फोटोच्या लायब्ररीत ओत्सू थ्रेशोल्ड (काळं-पांढरं कुठे तोडायचं ते आपोआप ठरतं), कंटूर (होलची कड), मोमेंट्स (त्यावरून सेंटर). सगळे हफ सर्कल ही गोल शोधायची पद्धत सुचवतात, मला नाही आवडत, पॅरामीटर जरा हलले की नसलेले गोल दाखवतं. कंटूरचं सेंटर कडेच्या सगळ्या पिक्सेलांवरून मिळून निघतं म्हणून एका पिक्सेलपेक्षाही बारीक जातं.

जुने फोटो वेगवेगळ्या उंचीवरून काढलेले असतील आणि त्यात मापाचं काहीच नसेल तर मात्र परत काढावे लागतील, सॉरी. नवीन काढताना एकच प्लेट दहा वेळा उचलून परत ठेवून मोजा, आकडे किती हलतात ते बघा, मग हे माप किती टॉलरन्सपर्यंत (चालणाऱ्या फरकापर्यंत) धरता येईल ते साहेबांना सांगा.