क्रॅश नेमका कुणाचा?

प्रश्न : धाकट्या भावाला एक्सबॉक्स सिरीज एस हा गेम कन्सोल घ्यायचं ठरलंय. त्याला क्रॅश बँडिकूट खेळायचंय. मामेभाऊ म्हणतो, क्रॅश प्लेस्टेशनचाच, एक्सबॉक्सवर चालायचा नाही. बेळगावात एकाकडे क्रॅशची जुनी प्लेस्टेशन डिस्क स्वस्तात आहे. घेऊन ठेवू का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : डिस्क घेऊ नका. सिरीज एसला डिस्क घालायला खाचच नाही. आणि असती तरी प्लेस्टेशनची डिस्क त्यात चालली नसती.

मामेभावाचं म्हणणं 2001 पर्यंत खरं होतं. 1996 चा पहिला क्रॅश नॉटी डॉग या गेम कंपनीनं बनवला, प्लेस्टेशनवाल्या सोनीनं विकला, पण नावाचे हक्क युनिव्हर्सल या तिसऱ्याच कंपनीकडे होते. घोळ इथेच होतो. 2001 मध्ये सोनीनं नॉटी डॉग विकत घेतली, म्हणजे बनवणारे सोनीकडे गेले. क्रॅश मात्र जागचा हलला नाही. पुढचा भाग 2002 मध्ये एक्सबॉक्सवरही आला. नंतर हक्क अ‍ॅक्टिव्हिजन या गेम कंपनीकडे आले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच घेतली. एकेकाळी प्लेस्टेशनचा चेहरा असलेला क्रॅश आज एक्सबॉक्सवाल्यांच्या मालकीचा आहे!

भावासाठी ‘क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलॉजी’ घ्या. पहिले तीन भाग नव्यानं बनवून त्यात दिलेत. 2017 मध्ये तो फक्त पीएस4 (प्लेस्टेशन 4) वर होता, 2018 पासून एक्सबॉक्स वन (सिरीज एसच्या आधीचा एक्सबॉक्स), निन्टेन्डोचा स्विच कन्सोल आणि पीसीवरही आहे. एक्सबॉक्स वनची आवृत्ती सिरीज एसवर चालते. कन्सोलच्या स्टोअरमधून विकत घेऊन उतरवायची. 512 जीबीच्या सिरीज एसमध्ये वापरायला सुमारे 364 जीबीच मिळतात, तेव्हा मोठे गेम साठवताना हिशेब ठेवा. नेट संथ असेल तर रात्री लावून ठेवा; मध्येच तुटलं तरी डाउनलोड थांबलेल्या ठिकाणाहून पुढे चालू होतं.

प्रश्न : फोर्झा होरायझन 5 हा मायक्रोसॉफ्टचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आता पीएस5 वर आलाय. मित्राच्या एक्सबॉक्सवर मी बराच पुढे गेलोय. तेच पुढे खेळता येईल?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागेल. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या पीएस5 आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचं खातं जोडावंच लागतं, पण एक्सबॉक्सवरचा सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, तिकडे येत नाही. खातं जोडायला सांगतात म्हणून गाड्याही येतील असा समज होतो, तो चुकीचा.

आणि फोर्झा आला म्हणून मारिओही येईल, अशी वाट पाहू नका. निन्टेन्डो आपला मारिओ दुसऱ्याच्या कन्सोलवर जाऊ देत नाही.