पाडव्याआधीची आवराआवर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचं घर जुनं, कौलारू. दरवर्षी शिमगा झाला की साफसफाई काढतो. एक खोली चकाचक करून दुसरीत गेलो की पहिलीत पुन्हा धूळ. शिवाय सोप्याच्या भिंतीला खालून दोन-अडीच फुटांपर्यंत पांढरी भुकटी सुटते. पुसली की चार दिवसांत परत येते. – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : एकेक खोली संपवत जाणं ही स्लॅबच्या घराची पद्धत. कौलारू घरात मधल्या भिंती बहुधा आढ्यापर्यंत जात नाहीत, त्यामुळे माजघरात झटकलेलं कोळिष्टक स्वयंपाकघरातही पडतं. म्हणून अख्ख्या घराचं छप्पर एकाच दिवशी झाडायचं आणि त्या दिवशी खाली काहीही धुवायचं नाही. कौलं परतायची असतील तर ते काम सगळ्यात आधी, वळीव सुरू व्हायच्या आत. मग वासे-तुळया, मग माळा, मग पंखे आणि भिंतींचा वरचा भाग. धूळ बसायला एक रात्र जाऊ द्या. फरशी दुसऱ्या दिवशी. माळ्यावर उंदराच्या लेंड्या असतील तर त्या कोरड्या झाडू नका. ब्लीचचं पातळ पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, हातमोजे घालून ओल्या फडक्याने उचला.

भुकटीचं म्हणाल तर तो लोणा. जमिनीतली ओल भिंतीत चढते, पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार पृष्ठभागावर उरतात. ओल्या फडक्याने पुसलं की क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतात, म्हणून तो चार दिवसांत परत येतो. खाली वर्तमानपत्र पसरा, कोरड्या ब्रशने खरडा आणि भुकटी घराबाहेर टाका. ती भिंतीच्या बुडाशी पडू देऊ नका.

यावर ऑइलपेंट मारायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. ओल आत कोंडते, मग रंगाचे पापुद्रे सुटतात किंवा ओल रंगाच्या वर चढते. सिमेंटच्या गिलाव्याचंही तेच होतं. चुन्याचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. त्याआधी बाहेरून एक चक्कर मारा. अंगणातली माती किंवा काँक्रीट घरातल्या जमिनीपेक्षा उंच झालंय का? पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशीच पडतंय का? तसं असेल तर माती उतरवून पाण्याला उतार देणं हाच खरा इलाज. चुना त्यानंतर.

प्रश्न : बोअरचं पाणी आहे. नळांवर पांढरा थर बसला म्हणून बाथरूमचं ॲसिड वापरलं. नळ स्वच्छ निघाले, पण ओट्याच्या काळ्या कडाप्प्यावर पांढुरके डाग पडले. घासून जात नाहीत. – टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : जाणारही नाहीत, कारण तिथे दगडच खाल्ला गेलाय. नळावरचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. कडाप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड, म्हणजे तेही बहुतांशी त्याचेच. ॲसिडला दोघांत फरक कळत नाही. ओट्यावर सांडलेलं लिंबू किंवा व्हिनेगरही हळूहळू हेच करतं. खोबरेल लावलं तर डाग काही दिवस झाकले जातात, पण ओटा चिकट होऊन धूळ धरतो. फरशी पॉलिश करणाऱ्याकडून तेवढा भाग घासून घ्यावा लागेल. ग्रॅनाइटला हा धोका फारच कमी. आपला दगड कोणता हे कळत नसेल तर आडबाजूच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. चमक गेली तर चुनखडी समजा.

पुढच्या वेळी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा. त्यात फडकं भिजवून, ते पिळून, नळाभोवती गुंडाळा आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका, नळाची चकाकी जाते. खाली ओट्यावर साबणाच्या पाण्यात भिजवलेला जाड कपडा आधी अंथरायचा. आणि ॲसिड वापरलेल्या जागी ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नका. क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : जोंधळा, तूरडाळ आणि तांदूळ सगळ्यांनाच किडे लागलेत. सरसकट उन्हात घालू का? – निपाणी

उत्तर : तांदूळ नको. कडक उन्हात त्याला बारीक चिरा जातात आणि शिजताना कण्या होतात. चाळून, पाखडून सावलीतच पसरा. थोडाच असेल तर बंद पिशवीत चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर गार असताना पिशवी उघडू नका, दाणे दमट होतील.

जोंधळा बिनधास्त वाळवा : दोन इंचांपेक्षा कमी थर, दुपारचे तीन-चार तास, दोन दिवस. बरेच जण चुकतात ते पुढे. गरम धान्य तसंच डब्यात भरलं की आत घाम धरतो, मग बुरशी येते आणि किडेही लवकर परततात. रात्रभर निवू द्या. डब्याच्या कडेत अडकलेलं जुनं पीठ टोकदार काडीने काढा, किड्यांची अंडी तिथेही असतात. वाळवलेल्या डाळीला किलोमागे एक छोटा चमचा एरंडेल चोळा. बोरिक पावडर मात्र खायच्या धान्यात नको, मग ती कितीही जुनी चाल असो.

प्रश्न : इरकल आणि रेशमी साड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर कापूरही ठेवला तर चालेल? – शहापूर, बेळगाव

उत्तर : नाही. दोन्ही एकत्र आले की चिकट पाणी सुटतं आणि डाग पडतात. एकच ठेवा, तेही फडक्याच्या पुरचुंडीत, जरीला न लागेल असं. साड्या मलमलीत गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी सावलीत वारा द्या आणि घडी मोडून दुसऱ्या जागी घाला. जरीचे धागे नेहमीच्या घडीवरच तुटतात.

प्रश्न : पितळेची भांडी चिंचेने घासतो. आतून घासली तर चालतात का? – खानापूर

उत्तर : बाहेरून चिंच-मीठ ठीक, पण लगेच धुऊन कोरडी पुसा, नाहीतर हिरवट डाग येतात. आत कल्हई असेल तर चिंच, राख, तारेची घासणी काहीच लावू नका. साबण आणि मऊ फडकं बस्स. आतून पिवळं दिसायला लागलं असेल तर कल्हईवाल्याकडे द्या. तोवर त्यात ताक, सोलकढी किंवा आमटी ठेवू नका.